करडीचं बाळंतपण

लर्चर ही कुत्र्याची जात नव्हे, हे मला दर आठवड्याला कुणाला ना कुणाला फोनवर समजावून सांगावं लागतं. ग्रेहाउंडसारखं पळणारं कुत्रं आणि मेंढ्या राखणाऱ्या कॉलीसारखं डोकं चालवणारं कुत्रं यांचा तो संकर. पाय एकाकडून यावेत आणि अक्कल दुसऱ्याकडून, एवढीच अपेक्षा. बऱ्याचदा उलटं होतं आणि मग ते पिल्लू जन्मभर कुणाच्या तरी सोफ्यावर लोळतं. शेतकऱ्याच्या कोवळ्या गव्हात ससे माजले की तो आम्हाला बोलावतो. बुटकं टेरियर कुत्रं काटेरी झुडपात घुसून ससा बाहेर हुसकतं आणि लर्चर त्याला उघड्यावर गाठतं. ही कामाची कुत्री आहेत, त्यांना काम लागतं, म्हणून मी ती काम करणाऱ्यांनाच देतो. हे सगळं शांतपणे ऐकून घेऊन पलीकडची बाई विचारते, "पण केस गळतात का हो त्यांचे?"

माझा स्वभाव तसा तापट. बायको म्हणते, तू कुत्र्यांशी जेवढं गोड बोलतोस त्याच्या निम्मं माणसांशी बोललास तर आपल्याला मित्र असतील. मला मित्र आहेत. ते भुंकतात, एवढंच.

लंडनहून निघून वॉटफर्ड ओलांडून पुढे गेलं की घरं विरळ होतात आणि शेतं सुरू होतात. तिथे एका शेतकऱ्याची जुनी घोड्यांची पागा भाड्यानं घेऊन आम्ही तिच्यात कुत्र्यांच्या खोल्या केल्या आहेत, आणि शेजारच्या छोट्या घरात आम्ही दोघं राहतो. लोक सुट्टीवर गेले की आपली कामाची कुत्री आमच्याकडे ठेवून जातात, आणि अधूनमधून एखादं वेत आमच्या स्वतःच्या कुत्रीचं. बायको वॉटफर्डला फार्मसीत आहे. पागा घेण्याआधी मीही माणसात होतो, स्लाऊला एका मोठ्या गोदामाचे कॉम्प्युटर सांभाळायचो. पिनरला बायकोची मावशी राहते. तिच्या घरी अजूनही माझी ओळख 'हे आधी आयटीत होते' अशी करून देतात, जसा काही मला मध्येच आजार झाला. मी जतकडचा. आमच्याकडे कारवानी कुत्री पोरांबरोबरच वाढतात, उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेली. इथे पहिल्यांदा लर्चर पाहिलं तेव्हा परक्या स्टेशनवर गावचं कुणी भेटावं तसं झालं मला. हे पिनरमध्ये सांगून काही उपयोग नसतो.

आता करडीबद्दल. करडी म्हणजे माझ्याकडची राखाडी, खरखरीत केसांची लर्चर कुत्री. तिची आजी ही मी या देशात विकत घेतलेली पहिली कुत्री, आणि तिची आई माझ्या हातांत जन्मली. करडीसारखं कुत्रं मी पुन्हा पाहिलेलं नाही. ससा दिसला तरी सांगितल्याशिवाय जागची हलायची नाही, धरला तर दाताचा ओरखडा न उमटवता जिवंत आणून हातात द्यायची. पण तिच्या पहिल्या वेतात सगळे नर झाले. नर पळतात, नाव काढतात, सगळं खरं, पण घराणं पुढे न्यायला मादी लागते. करडीचं वय होत आलं होतं. कौन्सिलच्या परवान्याच्या नियमानं आणि माझ्या स्वतःच्या नियमानंही आता एकच वेत शिल्लक होतं. त्यात एक मादी व्हावी, ती जगावी, एवढंच माझं मागणं होतं.

त्यासाठी आदल्या खेपेला ती माजावर आली तेव्हा मी तिला गाडीत घालून वेल्सला नेलं. तिथल्या एका मेंढपाळाकडे मनासारखा नर होता. करडीनं त्याला एकदा हुंगलं आणि शेपूट पायात घालून खाली बसली. उठवली, पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली, तर गाडीतून उतरेचना. मेंढपाळ चहा पीत म्हणाला, वाऱ्याची दिशा बरोबर नाही. मी इतका चिडलो होतो की परतीच्या वाटेवर तिच्याशी बोललो नाही. ती मागच्या सीटवर मजेत झोपली होती. या खेपेला मात्र त्याच नराबरोबर पहिल्या फेरीतच जमलं, का ते तिलाच माहीत. ती गाभण राहिली.

आणि त्याच हिवाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. मीही त्यांना आईच म्हणतो.

सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेल्या. वजन उतरलेलं, रक्तदाबाच्या गोळ्या वाढलेल्या, रात्री झोप नाही. बायको त्यांच्याकडे काचेचं भांडं धरावं तशी बघायची. त्यांच्या सामानात कपडे कमी आणि खाण्याच्या पिशव्या जास्त. त्यातली सगळ्यात मोठी पिशवी बेदाण्यांची होती, तासगावला त्यांच्या बहिणीची बाग आहे तिथले. इथल्या दुकानातले बेदाणे त्यांनी एकदा चाखले होते आणि तेव्हापासून त्यांचा या देशावरचा विश्वास उडाला होता.

माझ्या तापट स्वभावाला एकच जागा अपवाद आहे, ती म्हणजे या बाई. लग्न झाल्यापासून त्या मला 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणतात, पहिली पोळी मला वाढतात, मी खोलीत आलो की पाय खाली सोडून नीट बसतात. ज्या माणसाला एवढा मान मिळतो त्याला तोंड उघडता येत नाही. कुत्री त्यांना आवडायची नाहीत. मी पागेतून आलो की त्या दाराशीच म्हणायच्या, "अहो, कपडे बदलूनच आत या हं." स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुत्र्याचं नाक आलं तरी लगेच फरशी पुसली जायची. संध्याकाळी सांगलीहून कुणाचा फोन आला की ठरलेलं वाक्य यायचं, "जावई ना? आहेत की. कुत्र्यांत आहेत." मी हे सगळं हसून घेत होतो. आल्या दिवशीच मी त्यांना एवढं सांगून ठेवलं होतं की कुत्र्यांना कांदा-लसूण आणि चॉकलेट चालत नाही. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मी कशाला देतेय त्यांना काही?" विषय तिथेच संपला होता.

करडी व्यायली. सहा पिल्लं. मी एकेक उचलून बघत होतो. नर, नर, नर, आणि माझा चेहरा पडत चालला होता. सगळ्यात शेवटी आलेली, सगळ्यात लहान, ती मादी होती. मी पागेच्या थंड फरशीवर बसून मोठ्यानं हसलो.

घरात येऊन सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "किती?" म्हटलं, सहा. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "सहा? अगं बाई. दूध पुरेल का तिला?" मग त्यांनी माझा जुना कोट साडीवर चढवला, मोज्यांवर चपला घातल्या आणि आल्यापासून पहिल्यांदा पागेत आल्या. पिल्लांसाठी केलेल्या लाकडी पेटीत करडी आडवी पडली होती, वर उबेचा दिवा लावलेला होता, आणि सहा तोंडं एका ओळीत चिकटलेली. सासूबाई बराच वेळ नाकाला पदर लावून बघत उभ्या राहिल्या. नंतर पदर खाली आला. "दमलीय हो बिचारी," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात करडी ही कुत्री राहिली नाही, बाळंतीण झाली. बाळंतीण जेवली का, बाळंतिणीला वारा लागतोय, दाराच्या फटीला काहीतरी लावा. मी सांगितलं की दिव्याची ऊब पुरेशी आहे, जास्त झाली तर पिल्लांना त्रास होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि फटीला जुनी चादर लावली. मला खोटं बोलायचं नाही, बरं वाटत होतं. इतके दिवस ज्या प्राण्यांकडे त्या वाकड्या नजरेनं बघत होत्या, त्यांच्यातलं एक तरी त्यांनी माणसात घेतलं होतं. बायको म्हणाली, "आई हॅज अ प्रोजेक्ट. रात्री झोपलीसुद्धा."

एक दिवस घरभर तुपाचा वास आला. डिंक तळला जात होता. खारीक, खोबरं, गूळ, जायफळ, आणि वर त्या मोठ्या पिशवीतले बेदाणे. डिंकाचे लाडू. मला वाटलं थंडी आहे म्हणून आमच्यासाठी. मी दोन खाल्ले. सुरेख झाले होते.

त्यानंतर दोनेक दिवसांनी करडी अन्नाला तोंड लावेना. उलट्या सुरू झाल्या. पाण्याचं भांडं एका दमात रिकामं करायची आणि पुन्हा ओकायची. बाळंतिणीला अंगात कॅल्शियम कमी पडून आकडी येते, किंवा गर्भाशयाला सूज येते, माझं डोकं तिकडेच धावलं. गाडीत घालून डॉक्टरकडे नेली. डॉक्टर शांत डोक्याची तरुण बाई आहे. तिनं विचारलं, नेहमीपेक्षा वेगळं काही खाल्लं का? म्हटलं, शक्य नाही, तिचं खाणं मी स्वतः घालतो. तिनं विचारलं, द्राक्षं, बेदाणे, असं काही? मला तिचा रागच आला. पागेत राहणाऱ्या कुत्रीला बेदाणे कोण घालणार?

करडीला तिथेच ठेवून पिल्लांसाठी मी घाईनं परत आलो. पेटीतल्या चिंध्या बदलायला काढल्या तर कोपऱ्यात काहीतरी चिकट हाताला लागलं. गुळात घट्ट बसलेला डिंकाचा तुकडा, आणि त्याला चिकटलेले दोन बेदाणे. मी तो तुकडा तळहातावर घेऊन दिव्याखाली धरला. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, कशी आहे बाळंतीण?"

मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, मूत्रपिंडं बंद पडायला लागली आहेत. उलटी करवून बाहेर काढायची वेळ कधीच गेली, आता सलाईनवर ठेवून वाट बघायची. आम्ही वाट बघितली. वीकएंड आला आणि गेला. सोमवारी मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरनं तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं.

बायकोला मी गाडीतूनच फोनवर सगळं सांगितलं. ती फार्मसीच्या मागच्या गल्लीत येऊन रडली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "आईला सांगायचं नाही."

"का नाही सांगायचं?"

"आत्ता नको, प्लीज. बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. बीपी बघ तिचं. आपल्या हातून जीव गेला हे कळलं तर शी विल नेव्हर फर्गिव्ह हरसेल्फ. परत जाऊ दे, मग बघू."

मी म्हटलं ठीक आहे. काय म्हणणार होतो? मायेनं लाडू करून घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईसमोर उभं राहून, तुम्ही तिला मारलंत, असं म्हणायला वेगळंच काळीज लागतं. उरलेले लाडू बायकोनं गुपचूप फेकले आणि आम्हीच संपवले म्हणून सांगितलं. त्यावर आई खूश झाल्या. ते बेदाणे मात्र तसेच फडताळात राहिले, कारण ते फेकले असते तर सांगावं लागलं असतं.

मी घरी सांगितलं, इन्फेक्शन झालं. सासूबाई रडल्या, अगदी मनापासून रडल्या. आणि मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या.

"मी म्हणत नव्हते का, अहो? बाळंतिणीला गारठ्यात ठेवू नका म्हणून?"

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवताना गारठा, चहाला गारठा. सांगलीला फोन लागला की मी शेजारच्या खोलीत असताना ऐकू येईल अशा आवाजात, "जावई स्वभावानं चांगले आहेत हो, पण पुरुषमाणसाला कुठे कळतंय बाळंतपणातलं?" रविवारी पिनरला मावशीकडे जेवायला गेलो, तर बातमी माझ्याआधी पोचलेली. मावशींनी माझ्या ताटात श्रीखंड वाढता वाढता विचारलं, "एक हीटर नव्हता का लावायचा? अहो, ऑनलाइन मिळतात." मावशींच्या यजमानांनी तर हीटरचे दोन प्रकार समजावून सांगितले. त्यांनी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलेलं नाही. टेबलाखालून बायकोनं माझा पाय दाबून धरला होता. मी म्हटलं, "हो, लक्षात नाही आलं." परतीच्या वाटेवर मी गाडी इतक्या जोरात वळवली की मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सावकाश हो, घाई कसली आहे?"

घाई होती, पिल्लांची. करडी गेली तेव्हा डोळेसुद्धा न उघडलेली सहा पिल्लं. त्यांना बाटलीनं दूध पाजायचं, मग आई चाटते तसं ओल्या कोमट कापसानं पोट पुसायचं, तेव्हा कुठे ती शू करतात. एक संपवून सहाव्यापर्यंत पोचलो की पहिलं पुन्हा ओरडायला लागायचं. हातांना बाटलीच्या दुधाचा आंबूस वास कायमचा बसला. त्यातली दोन गेली. दोन्ही चांगली गुटगुटीत, नर. ती चिमुकली मादी बाटली धरायचीच नाही. दूध तोंडाच्या कडेनं गळायचं आणि ती माझ्या तळहातावर नुसती थरथरायची. मी तिला शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. मला वेड लागायचं बाकी होतं, आणि फोनवर लोक विचारत होते, पिल्लांचे फोटो पाठवता का?

वाचवलं ते बुटकीनं. बुटकी म्हणजे माझी टेरियर कुत्री, गुडघ्याएवढी, अंगावर जुन्या भांडणांचे वण. स्वभाव असा की पोस्टमननं आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकणं सोडून दिलंय. तिला त्या सुमारास खोटं गर्भारपण आलं होतं. कुत्र्यांमध्ये हे होतं. पोटात काही नसताना शरीराला वाटतं की आहे, आणि दूधसुद्धा येतं. माझा एक हातमोजा पळवून ती टोपलीत घेऊन बसली होती आणि जवळ गेलं की दात दाखवत होती. एरवी हा नुसता ताप. या वेळी मी तिच्या अंथरुणाचं फडकं पिल्लांच्या अंगावर चोळलं, हातमोजा काढून घेतला आणि त्या जागी ती मादी ठेवली. हात तयारच ठेवला होता, कारण टेरियरनं एकदा पिल्लाची मान धरली की संपलं. बुटकीनं तिला हुंगलं. माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग तिला जिभेनं उताणी केली आणि पोट चाटायला लागली. जी बाटली धरत नव्हती तिनं दहा मिनिटांत चुटूचुटू प्यायला सुरुवात केली. मागोमाग बाकीचे तिघेही लावले. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं एवढी लांबलचक झाली की दूध पिताना बुटकी त्यांच्याखाली दिसेनाशी व्हायची. पण उठली म्हणून नाही. माझं सगळं घराणं आता त्या चिडक्या टेरियरच्या पोटावर अवलंबून होतं.

आई एकदा बघायला आल्या. बुटकीला त्या फार घाबरायच्या, दारातूनच बघितलं. "दुसऱ्याची पोरं स्वतःची म्हणून पाजतेय," त्या म्हणाल्या. आवाज जड झाला होता. त्या वेळी तरी गारठ्याचं नाव निघालं नाही, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढचं एका सकाळी घडलं. बायको कामावर गेली होती. ठेवायला आलेली कुत्री शेतातून फिरवून मी परत आलो. पिल्लांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत आई उपड्या बादलीवर बसल्या होत्या, माझा कोट घालून. मांडीवर स्टीलचा डबा. ज्या कुत्रीला त्या इतक्या घाबरायच्या ती बुटकी त्यांच्या गुडघ्यांवर पुढचे पाय ठेवून उभी होती आणि त्यांच्या हातातून चाटून चाटून खात होती.

"हात काढा!" मी ओरडलो. "काढा हात! काय देताय तिला?"

आयुष्यात मी त्यांच्याशी त्या आवाजात बोललो नव्हतो. डबा खाली पडला, लाडू घरंगळत गेले. बुटकी एकावर झडप घालायला गेली, तिला मी मानेला धरून उचललं.

"किती खाल्ले?"

"अहो, एकच... दुसरा आत्ता कुठे..."

"काल दिला होता?"

"नाही. आजच केले. पाजतेय ना ती, तिलाही ताकद नको का? करडीला देत होते तसेच."

मी एका हातानं डॉक्टरला फोन लावत गाडीकडे पळालो. ती म्हणाली, ताबडतोब आणा, आत्ताच खाल्लंय तर उलटीचं इंजेक्शन देता येईल. वळून बघतो तर आई मागोमाग आलेल्या. दार उघडून त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि हात पुढे केले. मी बुटकीला त्यांच्या मांडीवर दिलं. तिला त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

शाळांची वेळ होती, गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. एका ट्रॅक्टरमागे अडकलो तेव्हा मी स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"कशानं होतं हे?" आईंनी विचारलं.

"बेदाण्यानं. कुत्र्यांना विष असतं ते. सगळ्यांनाच बाधतं असं नाही, पण बाधलं तर मूत्रपिंडं जातात."

ट्रॅक्टर वळला. मी गाडी पुढे काढली.

"म्हणजे करडी..."

मी गिअर बदलला. तेच उत्तर होतं.

डॉक्टरनं बुटकीला आत नेलं. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात सगळं बाहेर पडलं, गूळ, खोबरं, आणि अख्खेच्या अख्खे बेदाणे. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, वेळेवर आणलंत. दोन दिवस इथे ठेवून रक्त तपासत राहू, पण बहुतेक काही होणार नाही. पिल्लांना तोवर बाटली आणि पातळ खिमा द्या, आता खातील ती. मी भिंतीला टेकलो.

बाहेर गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. आई समोरच्या काचेकडे बघत होत्या. त्या रडतील, त्यांचा रक्तदाब चढेल, बायकोला काय सांगू, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून."

"हो."

"तिलाही?"

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की तुम्ही गारठ्यात ठेवलीत. मावशीकडे जेवलात ना तुम्ही माझ्यासमोर बसून? हो हो म्हणत होतात." त्यांचा आवाज चढायला लागला होता. इतक्या वर्षांत तो मी कधी ऐकला नव्हता. "मला सांभाळलंत तुम्ही दोघांनी. कळलं असतं तर मी रडले असते, पडून राहिले असते, औषधं वाढली असती. वाढू दे ना! पण आज सकाळी उठून मी पुन्हा लाडू वळले नसते. माझ्या हातून हीसुद्धा गेली असती. त्या पोरांचं काय झालं असतं मग? कुणाला सांभाळत होतात तुम्ही?"

इतके दिवस माझ्या पोटात साठलेलं सगळं त्या क्षणी बाहेर काढायला मला वाट मिळाली होती. करडी, पिनरचं श्रीखंड, ती दोन मेलेली पिल्लं, बाटल्या, गारठा. मी तोंड उघडलं.

"नाही हो आई," मी म्हणालो, "तुमचा काय दोष त्यात?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "परत तेच."